सायकलींच्या पुण्यात सायकलनं कामावर जाणं अवघड का झालं?

पूर्वी पुणे सायकलींचं शहर होतं, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. मग सायकली गेल्या कुठे? यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, ‘लोक आळशी झाले.’ पण विषय एवढा सोपा नाही.

आधी सायकल चालत का होती ते बघू. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतला कामगार, कॅम्पातला कारकून, कॉलेजातले प्राध्यापक असे सगळे सायकलवर. महापालिकेचा सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलात की पोलीस हमखास अडवायचे. पेठा, डेक्कन, कॅम्प, खडकी हे सगळं पाच-सात किलोमीटरच्या टप्प्यात. शहरात सायकलचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरला, तरी अर्ध्या तासात माणूस कामावर.

१९७२ मध्ये बजाजची चेतक आली, आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. स्कूटरसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, त्यामुळे सायकल लगेच हटली नाही. ऐंशीच्या दशकात गाड्या सहज मिळायला लागल्या. बिनगियरची कायनेटिक होंडा तर पुण्यातल्या मुलींनी अशी उचलली, की तोंडाला स्कार्फ बांधलेली दुचाकीवरची मुलगी ही शहराची ओळखच झाली.

त्यात शहर लांबलं. २०२१ मध्ये आणखी २३ गावं आत आल्यावर पुणे महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली. कोथरूडहून हिंजवडीचं आयटी पार्क म्हणजे एका बाजूनं १५ किलोमीटरच्या आसपास. सायकलनं तासभर जायचं, तासभर यायचं, आणि मधे नऊ तासांची शिफ्ट. इथे आळस काढण्यात काही अर्थ नाही.

पण जवळ राहणाऱ्यांचं काय? त्यांना अडवतो तो रस्ता.

२००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. त्या काळात मोठ्या रस्त्यांच्या कडेनं सायकल ट्रॅकही झाले. त्यातल्या एखाद्यावरून जाऊन बघा. जरा पुढे गेलं की डीपी बॉक्स, मग लावलेल्या गाड्या, मग वडापावची गाडी. ट्रॅफिक तुंबलं की दुचाकीवालेही त्यातच घुसतात. आणि चौक आला की ट्रॅक गायब! खरी मेख इथेच आहे. सरळ रस्त्यावर गाड्या तुमच्या बाजूनं जातात, चौकात त्या तुम्हाला आडव्या येतात. डावीकडे वळणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला अगदी शेजारचा सायकलवाला दिसतही नाही. म्हणजे ट्रॅकची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे, तिथेच तो संपतो.

२०१७ च्या शेवटी महापालिकेनं शहरभराचा सायकल आराखडा मंजूर केला. औंध आणि विद्यापीठ भागात अ‍ॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशी नावं दिसू लागली. ओफोनं २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला, बाकीच्या रंगीत सायकलीही काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली नव्या होत्या, चौक जुनेच होते.

तरी सायकल संपलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांमध्ये देशात सुमारे १३ टक्के लोक सायकलनं कामावर जात होते. पुण्यात पहाटे बाहेर पडा. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन आणि हँडलला डबा अडकवून साइटवर निघालेला गवंडी तुम्हाला दिसेल. त्यांच्याकडे हेल्मेट नसतं, मागे लाल दिवा नसतो. रविवारच्या ग्रुप राइडचे फोटो सगळीकडे फिरतात, यांचा प्रवास मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो.

तुम्हाला सुरू करायचं असेल, तर सात किलोमीटरच्या आतलं अंतर आधी धरा. मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्या शोधा, त्या लांब पडल्या तरी चालेल. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहा, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. चौकात बसच्या डावीकडून पुढे घुसू नका. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बांधा, निम्मा घाम तिथेच वाचतो. चढ जास्त असेल तर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची ई-सायकल बघा. तिला लायसन्स लागत नाही आणि नंबर प्लेटही नाही.