जर्मानिक व्यंजनपरिवर्तनाच्या कालनिश्चितीचा प्रश्न

संस्कृत 'पितृ' व गॉथिक 'फादर', संस्कृत 'त्रि' व इंग्रजी 'थ्री' यांतील व्यंजनसंबंध रास्मुस रास्क (१८१८) व याकोब ग्रिम (१८२२) यांनी नियमबद्ध रीतीने मांडले. मूळ प्, त्, क् यांचे जर्मानिक शाखेत फ्, थ्, ह् झाले आणि ब्, द्, ग् यांचे प्, त्, क्. हे घडले याविषयी दुमत नाही. केव्हा घडले याविषयी मात्र आहे. अनेक ग्रंथांत 'इ.स.पू. ५०० च्या सुमारास' असे विधान आढळते. त्याचा आधार येथे तपासावयाचा आहे.

एक पुरावा 'हेम्प' या शब्दाचा. ग्रीक 'कन्नाबिस'मधील क् व ब् यांच्या जागी येथे ह् व प् दिसतात. म्हणजे शब्द परिवर्तनापूर्वी उसना घेतला गेला. हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात सिथियनांच्या संदर्भात तो वापरला, म्हणून परिवर्तन त्यानंतरचे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ग्रीकांना शब्द केव्हा कळला यावरून तो उत्तर युरोपात केव्हा पोहोचला हे ठरत नाही. दोघांनीही तो तिसऱ्याच भाषेतून घेतला असणे शक्य आहे.

स्लोव्हेनियातील नेगाऊ येथे १८११ मध्ये सापडलेल्या एका शिरस्त्राणावर 'हारिगस्ति तेइवा' अशी अक्षरे आहेत. 'हारि'मधील ह् हा मूळ क् पासून आला आहे. 'तेइवा' (तुलनीय : संस्कृत 'देव') मधील त् मात्र निर्णायक मानता येत नाही. एट्रुस्कन भाषेत घोष स्पर्श नव्हते, त्यामुळे तिच्या परंपरेतील लिपीत त्-द् भेदावर विसंबणे धोक्याचे. शिवाय शिरस्त्राण जुने, लेख नंतर कोरलेला. त्याचा काळही वादग्रस्तच.

उत्तरसीमा त्यामानाने भक्कम आहे. लॅटिन 'पोन्दो'पासून आलेल्या 'पाउंड'मध्ये प् व द् अबाधित राहिले; अर्थात रोमन संपर्कातून हा शब्द आला तेव्हा परिवर्तन संपलेले होते.

सापेक्ष क्रमाची स्थिती याहून बरी, तरी निर्विवाद नाही. कार्ल व्हर्नर याने १८७७ मध्ये वैदिक स्वराघाताच्या आधारे 'फादर'मधील द् चा उलगडा केला ('पितृ'मध्ये आघात अंत्य, 'भ्रातृ'मध्ये आद्य). ग्रिमचा नियम आधी, व्हर्नरचा नंतर, हा क्रम रूढ झाला. पुढे काही अभ्यासकांनी तोही उलटा मांडला.

मग ५०० हा आकडा टिकून का राहिला? उत्तर जर्मनीतील लोहयुगीन यास्टोर्फ संस्कृतीचा आरंभ साधारण याच काळात येतो. भाषाभ्यासक तिच्यावरून परिवर्तनाचा काळ घेतात आणि पुरातत्त्वज्ञ भाषेच्या आधारे त्या संस्कृतीला 'जर्मानिक' ठरवतात. मृद्भांडी आपल्या कर्त्यांची भाषा सांगत नाहीत, ही साधी गोष्ट या देवाणघेवाणीत नजरेआड होते.