बापाचा दणका, लेकाची नळी

सर हायरम मॅक्झिम यांनी 1884 च्या सुमारास लंडनमध्ये मशीनगन बनवली. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यावरच पुढची गोळी भरली जायची. मिनिटाला सुमारे 600 गोळ्या! पुढे या बंदुकीने जगात काय केलं ते आपण वाचलेलं असतं. पण म्हातारपणी मॅक्झिमना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, हे मात्र सहसा वाचनात येत नाही. आपल्याच बंदुकांच्या सहवासात कान गेले.

मला नवल वाटतं ते याचं, की तेव्हा कोणाला याचं फारसं नवल वाटलं नाही. 1782 मध्ये इंग्रज दर्यासारंग रॉडनी आपल्या जहाजावरून तोफांच्या 80 फैरी झाडल्यावर 14 दिवस बहिरा होता म्हणतात. तोफ म्हटली की हे आलंच, असा एकूण हिशोब.

साधं बोलणं साधारण 60 डेसिबल, बंदुकीचा बार 140 ते 170. आणि दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

आता गंमत पाहा. याच मॅक्झिमचा मुलगा हायरम पर्सी याने 1909 मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं! बापाचं बहिरेपण पाहून लेकाला ते सुचलं, असं लिहायचा मोह होतो. पण बाप घर सोडून गेला तेव्हा पोरगं लहान होतं, त्यामुळे मोह आवरतो.

या नळीत गोळीमागचा तप्त वायू अडखळत, गार होत बाहेर पडतो. आवाज 20-30 डेसिबलने उतरतो. सिनेमातला 'फुस्स' आवाज विसरा. नळी लावूनही कानात बोळे हवेतच. पण लोकांना त्यात नेमबाजाचा कान दिसला नाही, मारेकरी दिसला. 1934 च्या अमेरिकन कायद्याने तिच्यावर किमतीच्या कितीतरी पट, 200 डॉलर कर बसवला.

ती भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या माजी सैनिकांना ज्या व्याधीसाठी सर्वाधिक प्रमाणात भरपाई मिळते, ती कानात सतत वाजणारी शिट्टी आहे. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, म्हणून ती मोजायलाच आपल्याला इतका उशीर लागला.

असो. फटाक्यांच्या माळेजवळ पोरं उभी असतील, तर त्यांना जरा मागे ओढा.