सिमेंटमधील तंतू : ॲस्बेस्टॉसपासून कृत्रिम तंतूंपर्यंतच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सिमेंट दाब उत्तम सहन करते, परंतु ताण सहन करू शकत नाही. त्यात तडा एकदा गेला की तो वाढत जातो आणि वस्तू क्षणार्धात दुभंगते. ठिसूळ पदार्थात बारीक तंतू मिसळून तड्याला अटकाव करण्याची कल्पना सिमेंटपेक्षा कितीतरी जुनी आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती बांधताना मातीत गवताचे तुकडे वा भाताचा तूस मिसळण्याची रीत महाराष्ट्रातील गावोगावी होती. चुन्याच्या गिलाव्यात ताग घालण्याची पद्धत भारतात, तर जनावरांचे केस घालण्याची पद्धत युरोपात रूढ होती. यामागील यंत्रशास्त्र गवंड्यांना सूत्ररूपाने ठाऊक नव्हते, मात्र त्याचा परिणाम त्यांना नेमका माहीत होता.

जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व मिळविले. त्यानंतर या जुन्या रीतीला औद्योगिक रूप मिळण्यास पाऊण शतक लागले. सिमेंटमधील कृत्रिम तंतूंचा इतिहास सामान्यतः नव्या पदार्थविज्ञानाची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याचा मोठा भाग एका घातक तंतूला पर्याय शोधण्याचा, आणि तो शोध लांबत गेल्याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाने विषयाची मांडणी केली आहे.

हाट्शेकचे यंत्र

ऑस्ट्रियातील उद्योजक लुडविग हाट्शेक याने १९०० च्या सुमारास ॲस्बेस्टॉस आणि सिमेंट यांपासून पातळ पत्रे तयार करण्याची पद्धत शोधून काढली. १९०१ मध्ये तिला एकस्व मिळाले. ‘शाश्वतता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने आपल्या उत्पादनाला ‘एटर्निट’ असे नाव दिले. कल्पना मुळात कागद उद्योगातील होती. भरपूर पाण्यात सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस यांचा पातळ लगदा करावयाचा, त्यात जाळीचे नळकांडे फिरवावयाचे, जाळीवर बसलेला पातळ थर फेल्टच्या पट्ट्यावर उचलून घ्यावयाचा आणि दुसऱ्या रुळावर थरावर थर गुंडाळत न्यावयाचे. पुरेशी जाडी आली की तो कापून सपाट पत्रा मिळे. ओला असतानाच त्याला पन्हळी आकार देता येई. त्यात ॲस्बेस्टॉसचे प्रमाण साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असे, उर्वरित भाग मुख्यतः सिमेंटचा.

ॲस्बेस्टॉस येथे दुहेरी काम करीत होते, हे पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात घेणे आवश्यक आहे. घट्ट झालेल्या पत्र्यात ते ताण सहन करी, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओल्या लगद्यात त्याचे अतिसूक्ष्म धागे सिमेंटचे कण धरून ठेवीत, त्यामुळे पाणी जाळीतून निघून जाई आणि सिमेंट मागे राहत असे. हाट्शेकचे यंत्र आणि ॲस्बेस्टॉस ही जणू एकमेकांसाठीच घडविली होती. ही पद्धत परवान्यांद्वारे जगभर पसरली. भारतात ती १९३० च्या दशकात आली. मुंबईच्या मुलुंड उपनगरातही असा कारखाना दीर्घकाळ चालला. न गंजणारा, न जळणारा, स्वस्त ‘सिमेंटचा पत्रा’ गिरण्यांपासून गोठ्यांपर्यंत आणि शाळांपासून झोपड्यांपर्यंत सर्वत्र पोहोचला.

ज्ञान आणि दिरंगाई

या पत्र्यांच्या प्रसाराइतकाच जुना इतिहास त्यातील धोक्याच्या ज्ञानाचा आहे. ब्रिटनमधील कारखाना निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालातच ॲस्बेस्टॉसच्या धुळीच्या दुष्परिणामांची नोंद केली होती. लंडनमधील वैद्य माँटेग्यू मरे यांनी १८९९ मध्ये तपासलेल्या एका कामगाराची हकीकत १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे सांगितली. त्या कामगाराच्या सांगण्यानुसार, तो कामावर लागला तेव्हा त्या खोलीत असलेल्या दहा जणांपैकी एकटा तोच जिवंत उरला होता. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात ३६३ कामगारांच्या तपासणीत ९५ जणांच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसजन्य विकार आढळल्याचे नमूद आहे. त्यावरून १९३१ मध्ये नियम करण्यात आले. मात्र त्यांचा रोख प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या सूतकामावर होता. १९६० मध्ये वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणप्रदेशातील ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध पुढे आला. या रुग्णांत खाणकामगारांखेरीज केवळ त्या परिसरात राहिलेल्यांचाही समावेश होता.

म्हणजेच पर्यायाची गरज १९३० मध्ये सांगता येण्याजोगी होती आणि १९६० मध्ये नाकारता न येण्याजोगी. तरीही सिमेंटच्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉस हटविण्याचे व्यापक प्रयत्न १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसतात. या विलंबाचे समर्थन तांत्रिक अडचणींच्या आधारे करता येते आणि त्या अडचणी खऱ्याही होत्या. परंतु कायद्याची चाहूल लागल्यावर ज्या वेगाने त्या सुटल्या, तो वेग पाहता हे समर्थन अपुरे वाटते.

कृत्रिम तंतूंचा प्रवेश

विशेष म्हणजे पुढे उपयोगी पडलेला मुख्य तंतू फार पूर्वीच अस्तित्वात होता. जपानमधील क्योटो येथे साकुरादा इचिरो व त्यांचे कोरियन सहकारी री सुंग-गी यांनी १९३९ मध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून तंतू तयार केला. १९५० मध्ये जपानमध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. (री पुढे उत्तर कोरियात गेले आणि तेथे हाच तंतू ‘विनालॉन’ या नावाने जवळजवळ राष्ट्रीय वस्त्र ठरला, हा विसाव्या शतकाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय.) दुसरीकडे इटलीत जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये घन स्फटिकी पॉलिप्रोपिलीन मिळविले.

काँक्रीटमध्ये असे तंतू घालण्याचे आरंभीचे प्रयोग १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत गोल्डफाइन यांनी केले. स्फोटाचा आघात सहन करणाऱ्या बांधकामांचा शोध हा त्यामागील हेतू होता. त्याच दशकात शेल कंपनीतील झोन्सफेल्ड यांनी पॉलिप्रोपिलीनच्या चिरलेल्या फितीपासून केलेले तंतू वापरून काँक्रीटचे ओतीव भाग घडविले. ब्रिटनमध्ये पायाच्या खांबांच्या पोकळ कवचांसाठी त्यांचा उपयोग झाला. काचतंतूंचा मार्ग निराळा होता. साधी काच सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मी माध्यमात झिजते. ब्रिटनच्या इमारत संशोधन केंद्रातील ए. जे. मजुमदार यांनी झिर्कोनियायुक्त काचेद्वारे यावर तोडगा काढला.

हाट्शेकच्या यंत्रात मात्र यांपैकी कोणताही तंतू सहज बसला नाही. कृत्रिम तंतू गुळगुळीत व जाड. सिमेंटचे कण त्यांच्यावरून घसरून पाण्याबरोबर जाळीतून वाहून जात. अखेर ॲस्बेस्टॉसचे दुहेरी काम दोघांत वाटून देण्यात आले. कण धरून ठेवण्यासाठी लाकडाचा कुटलेला लगदा आणि ताण सहन करण्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा तंतू अशी ही योजना होती. या तंतूची अल्कली सहन करण्याची क्षमता चांगली आणि सिमेंटशी त्याचा बंधही घट्ट. पॉलिप्रोपिलीनचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवणारा असल्याने त्याचा बंध तुलनेने दुबळा राहतो. १९८० च्या दशकात युरोपात अशी उत्पादने रुळली. ऑस्ट्रेलियात केवळ लाकडी लगदा वापरून, दाबयुक्त वाफेत पत्रे पक्के करण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

पॉलिप्रोपिलीनला त्याचे स्थान अन्यत्र मिळाले. घनमीटरमागे सुमारे ०.९ किलो, म्हणजे आकारमानाने जेमतेम ०.१ टक्का तंतू ओल्या काँक्रीटमध्ये पहिल्या काही तासांत पडणाऱ्या आकुंचनाच्या तड्यांना आळा घालतात. एवढ्या अल्प प्रमाणात ते पोलादी सळयांची जागा घेत नाहीत. विक्रेत्यांच्या जाहिरातीत हा भेद अनेकदा पुसट होतो. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लिश खाडीखालील बोगद्यात आग लागली आणि अस्तराच्या काँक्रीटचे थरच्या थर उडाले. त्यानंतर या तंतूंचा आणखी एक गुण महत्त्वाचा ठरला. सुमारे १६५ अंश सेल्सिअसला ते वितळतात आणि कोंडलेल्या वाफेला बाहेर पडण्यास वाट मिळते. येथे तंतूचे नष्ट होणे हेच त्याचे कार्य ठरते.

भारतीय संदर्भ

इटलीने १९९२ मध्ये व ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. २००५ च्या आरंभापासून ती संपूर्ण युरोपीय संघास लागू झाली. भारतात चित्र वेगळे राहिले. रिलायन्सने पॉलिएस्टर तंतू बांधकामासाठी बाजारात आणला. काँक्रीटविषयक भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये २००७ च्या दुरुस्तीने तंतूंचा उल्लेख आला. परंतु छपराच्या पत्र्यांत आयात केलेले पांढरे ॲस्बेस्टॉस एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही वापरले जात होते, आणि त्यामागचे मुख्य कारण किंमत हेच होते. स्वस्त पत्र्याचा विचार करताना कामगाराच्या उपचाराचा खर्च त्यात धरला जात नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. न्यायालयाने बंदी घातली नाही. मात्र ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. हा आजार धूळ फुप्फुसात गेल्यानंतर कित्येक दशकांनी प्रकट होतो, याची दखल त्यात होती. निकालाच्या वर्षी विसाव्या वर्षी कामावर लागलेला आणि साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कामगार धरला, तर त्याची नोंदवही २०५० पर्यंत जपावी लागेल.