रेड ड्वार्फ : विज्ञानकथेतील विनोद

रॉब ग्रँट व डग नेलर यांची ‘रेड ड्वार्फ’ ही ब्रिटिश विनोदी विज्ञानकथा मालिका १५ फेब्रुवारी १९८८ रोजी बीबीसी टू वाहिनीवर सुरू झाली. किरणोत्सर्गाच्या गळतीत खाणयानावरील कर्मचारी मृत्युमुखी पडतात. चोरून मांजर आणल्याबद्दल काळ थांबवणाऱ्या कक्षात डांबलेला डेव्ह लिस्टर तेवढा वाचतो आणि तीस लाख वर्षांनी जागा होतो. सोबतीला उरतात मृत सहकारी रिमरचा होलोग्राम, मांजरापासून उत्क्रांत झालेला एक जीव आणि यानाचा संगणक.

विनोद आला की विज्ञानकथेचे गांभीर्य ओसरते, असा समज रूढ आहे. येथे मात्र विनोद विज्ञानकल्पनेतूनच उद्भवतो. ‘फ्यूचर एकोज’ या भागात यान प्रकाशवेग ओलांडते, भविष्यातील प्रसंग आधीच दिसू लागतात आणि दिसलेला मृत्यू टाळण्यासाठी लिस्टर धडपडतो. ही धडपड हसवते. परंतु भवितव्य बदलता येते काय, हा प्रश्न मागे ठेवते. कल्पना काढून घेतल्यास विनोदही उरत नाही.

मालिकेच्या ‘गनमेन ऑफ द अपोकॅलिप्स’ या भागास १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.