आधी घोडा, मग माणूस, मग सायकल

अमेरिकेतल्या डोंगरवाटांवर एक तिकोनी पाटी असते: सायकलवाल्याने पायी माणसाला आणि घोड्याला वाट द्यायची, पायी माणसाने घोड्याला. दिसायला साधं सौजन्य, पण मंडळी, यामागे चांगलंच भांडण आहे.

कॅलिफोर्नियात टॅमलपायस डोंगराजवळ १९७६ साली काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर उताराच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस जळून जाई आणि नव्याने भरावं लागे. म्हणून नाव 'रीपॅक'! (गॅरी फिशर, जो ब्रीझ ही माउंटन बाइकवाली मंडळी यातलीच.)

पण त्या डोंगरात आधीपासून चालणारे होते, घोडेवाले होते. वळणावर अचानक सायकल आली की घोडा बिथरतो, स्वार पडतो. तक्रारी वाढल्या. टॅमच्या अरुंद वाटा सायकलींना बंद. रुंद कच्च्या रस्त्यांवर वेग ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर ५.

मग १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी मिळून 'इंबा' ही संघटना काढली. वेग आवरा, आधी आवाज द्या, ओल्या मातीत चाकोऱ्या पाडू नका... वाटा हातच्या जातील या धास्तीने शिकलेली रीत ही. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही. टॅमच्या अरुंद वाटांचा वाद मात्र अजून धुमसतोच आहे.