स्वतःचे संकेतस्थळ : घर आपले, पाटी भाड्याची

महाजालावर स्वतःचे संकेतस्थळ चालविणे म्हणजे आपले लेखन, छायाचित्रे वा संग्रह स्वतःच्या पत्त्यावर वाचकांसमोर ठेवणे होय. तेथे काय ठेवायचे, याचा निर्णय मालकाचा असतो, राखणही त्याचीच.

फुकट जागेचा धडा

१९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजने सामान्यांना विनामूल्य पाने उपलब्ध करून दिली. १९९९ मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी जपानी शाखा वगळता बंद केली. जपानमधील सेवाही २०१९ मध्ये थांबली. इंटरनेट अर्काइव्ह व काही स्वयंसेवकांनी बरीच पाने जतन केली. उरलेली नाहीशी झाली.

नावाची मुदत

स्वतंत्र संकेतस्थळाला दोन नियमित खर्च असतात : नावनोंदणी आणि सर्व्हरवरील जागेचे भाडे. ‘डॉट कॉम’ नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदविता येते. नूतनीकरण न झाल्याने नाव रद्द झाले, तर जादा शुल्क भरून ते सोडविण्यास ३० दिवस मिळतात. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी नावाचीही सोय आहे.

मराठीची वेगळी अडचण

युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी पाने शुषा, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये लिहिली जात. तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. शोधयंत्रालाही त्यातील मराठी शब्द सापडत नाहीत. असा मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

व्यक्तिगत संग्रहाचे मोल

अलका विभास यांचे ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ याचे ठळक उदाहरण. मराठी गीतांचे शब्द तेथे गीतकार, संगीतकार व गायकांच्या नावांसह वाचावयास मिळतात. लहान गावांसाठीही असे काम मोलाचे ठरते. पेडगाव परभणी जिल्ह्यात आहे, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यातही आहे. इतिहासात गाजले ते बहादूरगडाचे, भीमाकाठचे पेडगाव. परभणीच्या पेडगावातील जुन्या आठवणी व छायाचित्रे तेथील माणसाने मांडली, तरच ती दुसऱ्याच्या नावाखाली झाकली जाणार नाहीत.

राखण कशी करावी?

नोंदणी स्वतःच्याच नावे असावी आणि तेथे दिलेला ई-मेल पत्ता चालू असावा. संपूर्ण संकेतस्थळाची प्रत वेळोवेळी घरच्या संगणकावर व वेगळ्या डिस्कवर घ्यावी. तुटलेले दुवे अधूनमधून तपासावेत. नूतनीकरणाची तारीख आणि प्रवेशाचा तपशील घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. मालकाच्या पश्चात शुल्क भरणारे कोणी नसेल, तर अनेक वर्षांचा संग्रह काही महिन्यांत दिसेनासा होतो.