आपली चौथी पसंती, त्यांची पहिली

दोस्तांनो, मी जिनिंगमधला कामगार. कापसाचा हंगाम लागला की परभणीत मशीनपुढं उभा राहतो, हंगाम संपला की मिळेल ते काम करतो. दहावीत शाळा सुटली. पुढचं जे वाचलं ते जयंतीला काढलेल्या पुस्तिकांतून, रद्दीतून आणि लोकांकडून मागून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा हा लेख कुठल्या प्रोफेसराचा नाही. चूक दिसली तर तोंडावर सांगा.

गोष्ट घरातूनच सुरू करतो. आमच्या घरात ताई एकटी बी.ए. झालेली. 1 डिसेंबर 2020 ला औरंगाबाद विभागाच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होती. आपली परभणी त्यातच येते. ताई मत द्यायला गेली. मला मत नव्हतं, कारण मी पदवीधर नाही. आईला नव्हतं. बापाला तर विचारूच नका. सगळ्या घराच्या वतीनं ताई एकटी गेली. परत आली तेव्हा बापानं विचारलं, "दिलं का गं?" ती म्हणाली, "दिलं. जांभळा पेन देतेत. आपल्या माणसापुढं बरोबरची खूण केली."

मी तिथंच कपाळाला हात लावला. त्या निवडणुकीत खूण चालत नाही. तिथं आकडा लिहावा लागतो, 1, 2, 3. ज्याच्यापुढं 1 लिहिला ती पहिली पसंती, 2 लिहिला ती दुसरी. पहिली पसंती नसेल तर कागद बाद. घरातलं एकुलतं एक मत कचऱ्यात गेलं. ताई दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणाला, "आसं कामून केलं सरकारनं? साध्या माणसाला समजंल आसं का न्हाई ठिवलं?"

बापाच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बाबासाहेबांच्या निवडणुकांपर्यंत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

पुणे करारापासून सुरू करू. 24 सप्टेंबर 1932. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. 148 हा आकडा आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्या जागा भरायच्या कशा, हे किती जण सांगतील? निवडणूक दोन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीला फक्त आपल्या लोकांनी मत द्यायचं आणि 4 माणसं निवडायची. दुसऱ्या पायरीला गावातल्या सगळ्या मतदारांनी, म्हणजे बामण, मराठा, बनिया, सगळ्यांनी मिळून त्या चौघांतला 1 निवडायचा. आता विचार करा. आपल्या लोकांनी भरभरून मतं देऊन एकाला पहिला आणला. चौथा कसाबसा, मूठभर मतांवर आला. दुसऱ्या पायरीला मतदार बहुसंख्येनं सवर्ण. त्यांना कोण आवडणार? जो भांडतो तो, की जो मान खाली घालतो तो? आपली चौथी पसंती त्यांची पहिली होऊ शकत होती, आणि कायद्यानं निवडून येणार होता तो तोच. पसंतीचा क्रम आपण लावायचा आणि शेवटचा आकडा त्यांनी टाकायचा, असा तो कारभार.

तरी 1937 साली मुंबई इलाख्यात आपण लढलो. स्वतंत्र मजूर पक्ष 1936 साली निघाला, त्यानं 17 उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले. मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं पाळवणकर बाळू यांना उभं केलं. क्रिकेटचा नामांकित गोलंदाज, चांभार समाजातला, मान असलेला माणूस. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. फरक 2,020 चा. मुंबई इलाख्यात तेव्हा एक सोय होती. एका मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं मतदाराला, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची. आपले लोक संख्येनं थोडे. पण थोड्या लोकांनी आपली सगळी मतं एकाच्याच पारड्यात टाकली की पारडं जड व्हायचं. ही सोय कुणी दया म्हणून दिली नव्हती. अल्पसंख्यांना तरायचं असेल तर मत एकवटता आलं पाहिजे, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

मग 1946 आलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा प्रांतिक निवडणुकांत धुव्वा उडाला. मुंबईत एकही आमदार नाही. बंगालात एकटे जोगेंद्रनाथ मंडल. आणि घटना समितीत माणसं पाठवायची होती ती प्रांतांच्या आमदारांनी. म्हणजे ज्यांच्याकडं आमदार नाहीत त्यांना घटना समितीचं दार बंद. मुंबईतून बाबासाहेबांना वाट नव्हती. वाट निघाली ती बंगालातून.

ती कशी निघाली ते नीट समजून घ्या, कारण ताईचा जांभळा पेन इथं येतो. घटना समितीची निवडणूक पसंतीक्रमाच्या मतानं होती. आमदारानं 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. बंगालच्या विधानसभेत 250 आमदार आणि वाट्याला 60 जागा. म्हणजे ढोबळ हिशेबानं 4 आमदारांमागं 1 जागा. साधं बहुमताचं मत असतं तर सर्वसाधारण गटातल्या सगळ्या जागा काँग्रेसनं घशात घातल्या असत्या. पण पसंतीच्या मतात तसं होत नाही. ठरलेला कोटा भरेल एवढ्या माणसांनी तुमच्या नावापुढं 1 लिहिला की तुम्ही आलात. बाकीच्या दोनशे जणांना तुम्ही आवडता की नाही, याच्याशी संबंध नाही. मंडल आणि त्यांच्यासोबतच्या मूठभर आमदारांनी जुलै 1946 मध्ये तेवढं करून दाखवलं. महूला जन्मलेला, मुंबईत वाढलेला महार माणूस बंगालच्या आमदारांच्या पसंतीवर घटना समितीत गेला. पुढं फाळणी झाली, ती जागा गेली, आणि जुलै 1947 मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर काँग्रेसनं त्यांना मुंबईतून निवडून आणलं. तोवर घटना समितीत त्यांच्यावाचून चालणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण पहिलं दार उघडलं ते त्या चार-दोन आकड्यांनी.

आता 1952. देशातली पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक. आपल्या परभणीच्या लोकांनी, कालपर्यंत निजामाच्या मुलखात राहिलेल्यांनी, तेव्हा पहिल्यांदा मताचा कागद हातात धरला. मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा दुहेरी मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. बाबासाहेब राखीव जागेवर उभे, समाजवादी अशोक मेहतांशी युती. मतदाराला दोन मतं. पण 1937 ची सोय आता उरली नव्हती. दोन्ही मतं एकालाच दिली तर एक बाद. काजरोळकरांना 1,38,137 मतं, बाबासाहेबांना 1,23,576. पडले 14,561 मतांनी. आणि बाद झालेल्या मतपत्रिका 74,333. बाबासाहेब आणि मेहता यांनी तक्रार केली की दुसरं मत वाया घालवा असा प्रचार मुद्दाम केला गेला. अर्जाचा उपयोग झाला नाही. 1937 साली सगळी मतं एकाला देणं हा आपला डाव होता, 1952 साली तोच डाव कायद्यानं बाद झाला. पसंतीक्रम असता तर बाबासाहेब जिंकलेच असते, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण 14,561 आणि 74,333 हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि त्याच 1952 साली बाबासाहेब राज्यसभेत गेले. मुंबई विधानसभेत फेडरेशनचा आमदार एकच, बी. सी. कांबळे. पण राज्यसभेचं मत पसंतीक्रमाचं. विरोधी आमदारांच्या पाठिंब्यावर कोटा भरला. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा पडले. 6 डिसेंबर 1956 ला गेले तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते. म्हणजे बघा, ज्या माणसानं देशाला मत दिलं त्याला स्वतंत्र भारतात लोकांच्या थेट मतानं एकदाही निवडून येता आलं नाही. दिल्लीचं दार दोनदा उघडलं ते पसंतीच्या मतानं.

इथं कुणी म्हणेल, मग बाबासाहेबांनी लोकसभेलाही हीच पद्धत का नाही आणली? प्रश्न बरोबर आहे, आणि तो घटना समितीत विचारलाही गेला. जानेवारी 1949 मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. कारणं दोन. एक, या पद्धतीला मतदाराला निदान आकडे वाचता-लिहिता यायला हवेत आणि देश निरक्षर आहे. दोन, यानं कायदेमंडळात गटांचे तुकडे होतील आणि स्थिर सरकार टिकणार नाही. ज्या शिडीनं स्वतः चढले ती सगळ्यांसाठी लावायला ते तयार झाले नाहीत. हे मला आधी टोचलं. मग बाप आठवला. बापाला आकडा लिहिता येत नाही, पण चिन्ह ओळखता येतं. पसंतीक्रम आणला असता तर 1952 साली माझ्या आज्याचं मत पहिल्याच दिवशी बाद झालं असतं. बाबासाहेबांनी स्वतःच्या सोयीपेक्षा माझ्या आज्याचं मत मोठं मानलं, असं मी समजतो. पण निरक्षरतेचं ते कारण 1949 चं होतं. ते कायमचं आहे असं समजून आपण गप्प बसायचं का, हा प्रश्न मी तुमच्यापुढं टाकतो.

कारण पसंतीक्रम गेलेला नाही. घटनेच्या कलम 171 नं तो विधान परिषदेत बसवला आहे. महाराष्ट्राच्या परिषदेत 78 जागा. 30 आमदारांनी निवडायच्या, 22 स्थानिक संस्थांनी, 7 पदवीधरांनी, 7 शिक्षकांनी, 12 राज्यपालांनी नेमायच्या. यात आपल्याला राखीव जागा एकही नाही. रा. सू. गवई याच सभागृहाचे 1978 ते 1982 सभापती होते, हे खरं. पण एक माणूस खुर्चीवर बसला म्हणून दार सगळ्यांना उघडत नाही.

उलट काय होतं तेही बघा. 20 जून 2022. विधान परिषदेच्या 10 जागा, उमेदवार 11. काँग्रेसचे आमदार 44, उमेदवार दोन, चंद्रकांत हंडोरे आणि भाई जगताप. जिंकायला 26 मतं लागत होती. पक्षानं हंडोरेंना पहिल्या पसंतीचा उमेदवार म्हणून जाहीर केलं. हंडोरे दलित चळवळीतले. मत गुप्त. निकाल लागला तेव्हा जगताप आले आणि हंडोरे पडले. मागून 2024 साली त्यांना राज्यसभेवर बिनविरोध पाठवलं. पण त्या दिवशी पेटीत काय झालं ते झालंच. जाहीर सभेत आपण पहिली पसंती, आणि पडद्यामागं पेन हातात आला की आकडा बदलतो. 1932 ची दुसरी पायरी अजून मोडलेली नाही, दोस्तांनो.

म्हणजे ही पद्धत आपली मैत्रीणही नाही आणि वैरीणही नाही. ती हत्यार आहे. ज्याला हिशेब येतो त्याच्या हातात ती चालते. जागा एक असेल तर ग्राह्य मतांच्या अर्ध्याहून एक जास्त, हा कोटा. तो पहिल्या पसंतीत कुणाचा भरला नाही तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या कागदावरची पुढची पसंती दुसऱ्याला जाते. अमरावतीच्या शिक्षक मतदारसंघात 2020 साली अपक्ष किरण सरनाईक असेच बाद फेऱ्यांतून निवडून आले. इथं आपला उमेदवार पडला तरी आपलं मत मरत नाही, फक्त दुसरा आकडा लिहिलेला पाहिजे. दुसरी पसंती कुणाला, हे आपण एकत्र बसून ठरवलं, तर मोठ्या पक्षाला आपल्या दारात यावं लागेल. प्रत्येकानं आपल्या मनानं लिहिली तर कुणी ढुंकून बघणार नाही.

आता कामाचं सांगतो. पदवीधराची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. जुन्या यादीत नाव होतं म्हणून चालत नाही. पदवी घेऊन 3 वर्षं झालेल्यानं नमुना 18 भरायचा, शिक्षकानं नमुना 19. 2020 साली निवडलेल्या जागेची मुदत 6 वर्षांची. आपल्या वस्तीत आता बी.ए., बी.कॉम. करून बसलेली पोरं-पोरी घरटी एक तरी आहे. त्यांच्यातल्या कितींनी फॉर्म भरलाय? प्रस्थापितांच्या शिक्षण संस्था आपल्या नोकरांचे फॉर्म गठ्ठ्यानं भरून घेतात. आपण जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरतो, तसंच या फॉर्मसाठी फिरायला काय हरकत आहे?

10 डिसेंबर 2024 ला परभणीत स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढल्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. आपण रस्त्यावर आलो, त्याची किंमतही मोजली. त्या पुस्तकासाठी जीव तुटतो, तर त्यातलं कलम 171 वाचायला किती वेळ लागतो?

मला अजून त्या निवडणुकीत मत नाही. मशीनपुढं उभं राहणाऱ्याला परिषद नको, असं घटनेत कुठं लिहिलेलं नाही, पण पदवीची अट तेच करते. तिच्याविरुद्धही एक दिवस बोलावं लागेल. तोवर मी एक काम धरलंय. वस्तीतल्या पदवीधरांना रविवारी बोलावतो आणि कोऱ्या कागदावर आकडे लिहायला लावतो. बरोबरची खूण नाही, सही नाही, अक्षरात 'एक' नाही. फक्त आकडा. ताई शिकवते, मी कागद वाटतो. बाप दारात बसून म्हणतो, "नीट लिवा रे, ह्या बारीला वाया जाऊ दिऊ नका."

जयभीम.